वीज चमकली, गडगडाट कुठून आला?

सहज सोपं विज्ञान

दोन वर्षांपूर्वीची, श्रावणातली गोष्ट. आमच्या वहिनींना अंघोळ करताना छातीत उजव्या बाजूला वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. दोन दिवस त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी घरात पुरणाचा घाट घातलेला असताना त्या मध्येच पाटावर बसल्या आणि दादांना म्हणाल्या, "उद्या डॉक्टरांकडे जाऊया."

मॅमोग्राफी झाली. रिपोर्ट आला तो असा, की स्तनातील ऊतक दाट आहे, स्पष्ट सांगता येत नाही, सोनोग्राफी करून घ्यावी. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवत होतो, म्हणून घरातला कुठलाही रिपोर्ट वाचायला माझ्याकडे येतो. वहिनींनी विचारलं, "भाऊजी, मशीननं फोटो काढला ना? मग गाठ आहे की नाही एवढंही दिसत नाही होय त्यात?"

मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. मग सोनोग्राफी झाली, सुई घालून तुकडा तपासायला गेला. निकाल यायला आणि सगळं उरकायला अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत घरात कुणी धड जेवलं नाही. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. पण वहिनींचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. त्याचं नीट उत्तर शोधता शोधता एका नव्या यंत्राची ओळख झाली. आज त्याबद्दल.

मंडळी, आधी वहिनींचा प्रश्न घेऊ. मॅमोग्राफी म्हणजे क्ष-किरणांचा फोटो. त्यात चरबी काळपट दिसते, दुधाच्या ग्रंथी आणि त्यांच्याभोवतीचे तंतू पांढरे दिसतात. आणि गाठही पांढरीच दिसते. ज्या बाईच्या शरीरात ग्रंथी आणि तंतू जास्त, तिथे पांढऱ्यावर पांढरं शोधायचं. सुपात तांदूळ घेऊन पांढरे खडे वेचून पाहा, म्हणजे डॉक्टरांची अडचण कळेल. मॅमोग्राफी निरुपयोगी आहे असं मुळीच नव्हे. तिने असंख्य बायकांचे प्राण वाचवले आहेत. पण प्रत्येक साधनाची एक मर्यादा असते, तशी ही तिची.

मग दुसऱ्या कशाच्या खुणेवर गाठ शोधता येईल? रक्ताच्या. कर्करोगाची गाठ एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठी व्हायची तर तिला खाणंपिणं लागतं, आणि त्यासाठी ती आपल्याभोवती नव्या रक्तवाहिन्या उगवून घेते, हा विचार अमेरिकेतले शल्यविशारद ज्युडा फोकमन यांनी १९७१ साली मांडला. या वाहिन्या वेड्यावाकड्या, दाटीवाटीच्या असतात. त्या दिसल्या तर गाठीचा स्वभाव कळायला मदत होईल. पण दिसायच्या कशा?

रात्री वीज गेल्यावर मुलं एक खेळ करतात. टॉर्च तळहाताखाली धरायचा. हात लालबुंद दिसतो. म्हणजे उजेड हाताच्या आरपार येतो. पण हाड दिसत नाही, आतल्या शिराही वेगळ्या दिसत नाहीत. दाट धुक्यात गाडीचा दिवा जसा नुसता पसरतो, तसा उजेड मांसात पसरून जातो. आत पोहोचतो खरा, पण कुठून कुठे गेला याचा पत्ता हरवतो. आवाजाचं तसं नाही. आवाज मांसातून जाताना उजेडापेक्षा कितीतरी कमी विखुरतो. म्हणून तर सोनोग्राफी होते. मग उजेड आत पाठवायचा आणि बाहेर येताना आवाज ऐकायचा, असं करता आलं तर?

करता येतं. आणि ही युक्ती नवी नाही. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८० साली आपले सहकारी चार्ल्स टेंटर यांच्याबरोबर एक प्रयोग केला. भोकं पाडलेली चकती फिरवून त्यांनी सूर्याचा उजेड तुटक तुटक केला आणि तो निरनिराळ्या पदार्थांवर पाडला. तर ते पदार्थ गुणगुणू लागले! उजेड पडला की पदार्थ किंचित तापतो, उजेड गेला की निवतो. तापणं-निवणं म्हणजे फुगणं-आकसणं, आणि त्यातून आवाज. पुढे त्यांच्या असंही ध्यानात आलं की गडद पदार्थांचा आवाज मोठा येतो, आणि काजळीचा तर फारच मोठा. जो उजेड जास्त पितो तो जास्त बोलतो, एवढं हे सूत्र.

आपल्या शरीरात काजळीचं काम रक्त करतं. रक्तातलं हिमोग्लोबिन उजेड पितं. शरीरावर लेसरचा एक झटका द्यायचा, सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरता. रक्त काही हजारांश अंशाने तापतं. एवढीशी उष्णता अंगाला कळतही नाही, पण तेवढ्याने रक्तवाहिनी एक बारीकशी टिचकी वाजवते. ती आपल्या कानाच्या पलीकडची, सोनोग्राफीच्या जातीची. त्वचेजवळ ठेवलेले संवेदक ती टिपतात. लेसरची ताकद ठरवून दिलेल्या मर्यादेत ठेवली जाते. क्ष-किरण नाहीत, आणि रक्त पाहायला रंगद्रव्यही टोचावं लागत नाही. याला फोटोअकूस्टिक प्रतिमा म्हणतात. आपण 'प्रकाश-ध्वनी चित्र' म्हणूया.

आता खरी गंमत आणि खरी अडचण इथून पुढे आहे. वहिनी म्हणाल्या तसा हा 'फोटो' नव्हेच. संवेदकांच्या हाती लागतो तो नुसता गलबला. त्यातून चित्र उभं करायचं ते गणिताने.

हे समजायला आपला बेळगावचा पाऊस पुरे आहे. वीज चमकते, मग थोड्या वेळाने गडगडतं. उजेड क्षणात पोहोचतो, आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. चमकल्यापासून तीन सेकंदांनी गडगडलं तर वीज साधारण एक किलोमीटरवर पडली. पण कुठल्या दिशेला? ते एकट्याला फक्त आवाजाच्या वेळेवरून सांगता येणार नाही. नकाशावर आपल्या घराभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ काढायचं, त्यावर कुठेतरी ती पडली एवढंच. आता समजा मी टिळकवाडीत सेकंद मोजले, माझ्या मित्राने वडगावात मोजले आणि साडूंनी कंग्राळीत मोजले. तिघांनी आपापलं वर्तुळ काढलं, तर तिन्ही वर्तुळं जिथे एकमेकांना छेदतील तिथे वीज पडली. ढगातली उंचीही हवी असेल तर वर्तुळाच्या जागी गोल घ्यायचे, आणि ऐकणारे आणखी वाढवायचे.

शरीरात असंच होतं, फक्त माप लहान. आवाज शरीरात एका मायक्रोसेकंदाला, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाला, साधारण दीड मिलिमीटर चालतो. तीन सेंटीमीटर आतल्या शिरेची टिचकी वीस मायक्रोसेकंदांनी वर येते. अडचण अशी की वीज एकच पडत नाही. लेसरच्या एका झटक्याने हजारो ठिकाणच्या शिरा एकदम वाजतात. मग गणित असं करतं : प्रत्येक संवेदकाने ऐकलेला आवाज त्या त्या अंतराच्या पूर्ण गोलावर सारखा पसरून टाकायचा. एकट्याची साक्ष अशी मोघमच असणार. पण शेकडो संवेदकांच्या साक्षी एकावर एक ठेवल्या, की जिथे खरोखर शीर आहे तिथे सगळ्यांची जबानी जुळते आणि ती जागा उजळते. बाकीचं फिकं पडतं. ही रीत गोलाच्या, नळकांड्याच्या किंवा सपाट पाटीच्या आकारात मांडलेल्या संवेदकांना एकाच सूत्रात कशी लावायची, ते मिंगुआ शू आणि लिहाँग वाँग यांनी २००५ साली दाखवून दिलं.

सूत्र मिळालं म्हणून चित्र चांगलं आलं असं नाही. सूत्र म्हणतं, सगळीकडून ऐका. प्रत्यक्षात सगळीकडून ऐकायचं कसं? हातात धरायचा सोनोग्राफीसारखा यंत्रभाग असेल तर तो एकाच बाजूने ऐकतो आणि एक पातळ काप दाखवतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ च्या जानेवारीत स्तनाच्या गाठी पारखण्यासाठी मान्यता दिलेलं पहिलं प्रकाश-ध्वनी यंत्र याच, हाताने धरायच्या पद्धतीचं आहे. त्याचा उपयोग आहेच. पण रक्तवाहिन्या कापात राहत नाहीत. त्या वर जातात, खाली जातात, वळतात. एका कापात वरच्या-खालच्या शिरांचा आवाजही मिसळतो. शिवाय नळीसारखी शीर आपला आवाज आडव्या बाजूंना फेकते, टोकाकडे फार कमी. म्हणजे शीर थेट संवेदकाच्या दिशेने उभी येत असेल तर तिचा आवाज बाजूने निघून जातो, आणि चित्रात ती शीर गायबच होते. गाठीच्या तोंडाशी जाणारी नेमकी तीच शीर असली तर?

म्हणून संवेदकांचं वाडगं करण्याची कल्पना आली. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत वाँग यांच्या गटाने २०१८ साली ५१२ संवेदकांचं पूर्ण कडं वापरलं. बाईने १५ सेकंद श्वास रोखून धरायचा, तेवढ्यात चार सेंटीमीटर खोलीपर्यंतचं चित्र मिळतं, आणि पाव मिलिमीटरच्या आसपासच्या शिरा दिसतात. त्या छोट्या चाचणीत नऊपैकी आठ गाठी रक्तवाहिन्यांच्या दाटीवरून ओळखता आल्या. पण कड्याचं चित्र शेवटी कापाकापांचं. दोन कापांच्या मधली बारकाई तेवढी चांगली येत नाही. २०२१ साली त्यांनीच पुढचं पाऊल टाकलं : अर्ध्या गोलाच्या वाडग्यात २५६ संवेदकांच्या चार कमानी, एकूण १०२४, आणि वाडगं फिरतं. त्यामुळे लांबी, रुंदी आणि खोली तिन्ही बाजूंनी चित्राची बारकाई सारखी आली.

आता दुसरी अडचण, आणि मला सगळ्यात रंजक वाटते ती हीच. वरच्या हिशेबात आपण आवाजाचा वेग एकच धरला. पण चरबीत आवाज सेकंदाला सुमारे १४५० मीटर चालतो, इतर मऊ ऊतकांत सरासरी १५४० च्या आसपास. फरक किरकोळ वाटतो ना? हिशेब करून पाहू. शीर पाच सेंटीमीटरवर आहे आणि मध्ये सगळी चरबी आहे असं समजा. आवाजाला सुमारे साडेचौतीस मायक्रोसेकंद लागतील. आपण १५४० धरून अंतर काढलं, तर उत्तर येईल जवळजवळ ५३ मिलिमीटर. तीन मिलिमीटरची चूक! ज्या शिरा पाव मिलिमीटरच्या, तिथे तीन मिलिमीटर. त्यातही एका बाजूच्या संवेदकांच्या वाटेत चरबी जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असली, तर त्यांच्या साक्षी जुळत नाहीत. एकाच शिरेच्या दोन शिरा दिसतात, किंवा ती फिसकटून जाते. दाटी नसेल तिथे दाटी दिसली तर घरात आमच्यासारखे अकरा दिवस. असलेली दाटी पुसट झाली तर त्याहून वाईट.

यावर उपाय काय? सोपा उपाय म्हणजे शरीराबाहेरच्या पाण्याचा वेग वेगळा आणि शरीराचा वेगळा धरायचा. त्याहून चांगला म्हणजे त्याच बैठकीत आरपार सोनोग्राफी करून कुठे वेग किती याचा नकाशाच करून घ्यायचा. आणि तिसरा उपाय बायकांना घरबसल्या ठाऊक आहे. शिंपी ब्लाउज कसा बेततो? मापावरून कच्ची शिलाई घालतो, अंगावर घालून बघतो, खांद्यात ओढ आली की उसवतो, परत टाके घालतो. संगणकही तसंच करतो. आधी एक अंदाजाचं चित्र काढतो. मग विचारतो, आतल्या शिरा खरंच अशा असत्या, तर माझ्या संवेदकांना कोणता आवाज ऐकू आला असता? तो हिशेबाचा आवाज खऱ्या आवाजाशी ताडून बघतो. जुळला नाही तिथे चित्र दुरुस्त करतो. पुन्हा ताडतो. असे कितीतरी फेरे. यात वेळ लागतो, पण प्रत्येक संवेदकाचा गुणदोष, मधली चरबी, संवेदक नसलेली बाजू, हे सगळं हिशेबात धरता येतं. वेगही माहीत नाही आणि चित्रही माहीत नाही, दोन्ही एकाच आवाजातून काढायचं म्हटलं तर मात्र गणित डळमळतं. माप आणि कापड दोन्हींचा अंदाजच असला तर शिंपी तरी काय करील?

तिसरी अडचण वेळेची. श्वास, नाडी, हाताची थरथर यांनी चित्र हलतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये पॉल बिअर्ड यांच्या गटाने एक निराळा संवेदक केला आहे. एका पातळ पडद्याची आवाजाने होणारी हालचाल लेसरच्या किरणाने वाचायची. चित्रं अतिशय सुरेख, पण पूर्वी एका चित्राला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागे. एवढा वेळ कोण स्थिर बसणार? २०२४ साली त्यांनी एकाच वेळी अनेक किरणांनी पडदा वाचायची सोय केली, आणि जोडीला सगळे बिंदू न मोजता थोड्या मोजणीतून पूर्ण चित्र काढायचं गणित वापरलं. काम काही सेकंदांवर आलं. सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर खोलीपर्यंत ते पाहतं. मधुमेह, संधिवात आणि स्तनाचा कर्करोग असलेल्या थोड्या रुग्णांवर ते पाहिलं गेलं. मधुमेहात पायाच्या बारीक वाहिन्या बिघडतात, त्या आधी कळल्या तर पाय वाचवायला मदत होईल.

आता सगळे विचारतील, हे काम कृत्रिम बुद्धिमत्तेला देऊन टाकलं तर? दिलंही जात आहे. कमी संवेदकांचं धुरकट चित्र द्यावं, संगणक क्षणात स्वच्छ चित्र देतो. आणि इथेच सावध राहायला हवं. संगणक शिकतो तो दाखवलेल्या उदाहरणांवरून. पण जिवंत माणसाच्या छातीत शिरा नेमक्या कशा आहेत याचं अचूक उत्तर कुणाकडेच नसतं, म्हणून बरीचशी उदाहरणं हिशेबाने तयार केलेली असतात. मग संगणकाला सवय लागते, शिरा अशाच असतात. जिथे आवाज ऐकूच आला नाही तिथेही तो आपल्या सवयीने शीर काढून टाकतो. किंवा एखादी विचित्र, वेडीवाकडी शीर 'चूक' समजून पुसतो. आणि गाठीच्या शिरा तर वेड्यावाकड्याच असतात! चित्र स्वच्छ दिसलं म्हणजे खरं झालं असं नव्हे. पुसट चित्र निदान आपलं अज्ञान कबूल करतं. स्वच्छ पण खोटं चित्र तेही करत नाही.

मग खरं-खोटं पारखायचं कसं? त्याची एक घरगुती वाटेल अशी रीत आहे. आपण खरवस किंवा पुडिंग घट्ट करायला ज्याला चायना ग्रास म्हणतो, त्याच पदार्थाचा शास्त्रज्ञ एक गोळा करतात. त्यात पेन्सिलचं शिसं, केस किंवा शाईने भरलेल्या बारीक नळ्या ठरलेल्या जागी ठेवतात. मग यंत्राला विचारतात, सांग आत काय आहे? उत्तर आपल्या हातचं असल्यामुळे यंत्राची परीक्षा घेता येते. नवं गणित आधी या परीक्षेत उतरायला हवं, मगच माणसाकडे.

आपल्या देशात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, म्हणजे आपल्याकडचे जुने लोक ज्याला टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात तिथे, थोड्या संवेदकांतून चांगलं चित्र काढण्याच्या गणितावर काम झालं आहे. आपल्यासाठी ते महत्त्वाचं. हजार संवेदकांचं वाडगं महाग पडतं. गणित जितकं पक्कं, तितकं यंत्र साधं चालेल, आणि तितकं ते लहान गावाच्या दवाखान्यात येण्याचा संभव जास्त.

पण भगिनींनो, एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहावीशी वाटते. हे यंत्र आपल्या गावात येईल म्हणून थांबू नका. गाठ हाताला लागली, कातडीचा रंग किंवा आकार बदलला, स्राव आला, तर वहिनींसारखे दोन दिवससुद्धा गप्प बसू नका. आज मॅमोग्राफी आहे, सोनोग्राफी आहे, सुईची तपासणी आहे. रिपोर्टात 'स्पष्ट सांगता येत नाही' असं आलं, तर ती टाळाटाळ नव्हे, तो प्रामाणिकपणा आहे. पुढची तपासणी करून घ्यायची.

परवा वळवाचा पाऊस आला. आम्ही सगळे ओसरीवर बसलो होतो. वीज चमकली, नातू मोठ्याने आकडे मोजू लागला. मी वहिनींना हे सगळं सांगितलं, वर्तुळं, चरबी, शिंपी, चायना ग्रास. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे फोटो नव्हे तो, हिशेब होय? मग त्या दिवशी तसं सांगायचं होतं की भाऊजी. हिशेब चुकतो, परत करायचा असतो, एवढं आम्हाला कळतंय."

खरंच, तेव्हाच सांगायला हवं होतं.